परदेशात आगाऊ पैसे भरून घेतलेली स्वस्त खोली वाईट निघाली तर काय करावे?

क्वालालंपूरमध्ये चार रात्रींचे पैसे आगाऊ भरले, खोली मात्र अंधारी आणि कोंदट निघाली, आणि काउंटरवरचा माणूस पैसे परत द्यायला तयार नाही, असे आपण लिहिले आहे. मी गुहागरला राहतो आणि आगरात बांधलेल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिल्यानंतर आम्ही उभयताही तिकडे गेलो होतो आणि पेटालिंग स्ट्रीटजवळच्या एका गेस्टहाउसात नेमके याच अवस्थेत उभे राहिलो होतो, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

सर्वप्रथम, सामान उघडू नका. रात्रीच्या विमानाने गेलेला माणूस आडवा व्हायला आतुर असतो हे खरे, पण कपडे कपाटात गेले आणि चादर चुरगळली की खोली तुम्ही स्वीकारली असे म्हणायला मालक मोकळा होतो. दोन रात्री राहून, घावने खाऊन झाल्यावर गीझरची तक्रार करणाऱ्या पाहुण्याला मीही तेच ऐकवले आहे.

त्यानंतर दोष कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे. खिडकी नसणे ही तिकडे फसवणूक असेलच असे नाही. जुन्या चिनी वस्तीतील दुकानघरे दर्शनी बाजूला अरुंद आणि आत लांबच लांब असतात, आमच्या गुहागरच्या घरांसारखीच. त्यांत आडव्या भिंती घालून खोल्या पाडल्या की मधल्या खोल्यांना आपल्या माजघराइतकाच उजेड मिळतो. अशा खोल्यांच्या नावातच बहुधा ‘खिडकी नाही’ असे लिहिलेले असते. आमच्या खोलीच्या नावात ते होते आणि मी ते वाचले नव्हते, म्हणून त्या मुद्द्यावर भांडायला मला तोंड नव्हते. वास नेमका कोठून येतो तेही पाहावे. न्हाणीघरातील जाळीतून येत असेल तर बरेचदा आतले, वास अडवून धरणारे पाणी आटलेले असते आणि दोन तांबे पाणी ओतल्यावर तो थांबतो. एसी लावल्यावर वाढत असेल किंवा भिंतीला बुरशी दिसत असेल, तर मात्र त्या खोलीत राहू नये.

ढेकणांच्या बाबतीत तडजोड नको. चादर उचलून गादीची शिवण आणि पलंगाच्या डोक्याकडील फळीची फट मोबाइलच्या उजेडात पाहावी. शाई सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले, तर पिशवी पलंगावर न टेकवता तशीच घेऊन बाहेर यावे आणि शेजारची खोलीही घेऊ नये, कारण ढेकूण भिंतीच्या फटींतून पलीकडे जातात. माझी आजी खाट अंगणात काढून तिच्या सांध्यांत कढत पाणी ओतत असे, ते योग्यच होते; ढेकूण उष्णतेने मरतात. अंगावरचे कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुऊन घ्यावेत.

आता काउंटर. रात्रपाळीच्या मुलाकडे किल्ल्या असतात, गल्ला नसतो, म्हणून त्याच्याकडे पैसे मागत बसण्यात वेळ जातो. ‘खोली वाईट आहे’ असे न म्हणता ‘या भिंतीला ओल आहे, दुसरी खोली दाखवा’ असे म्हणावे, आणि आवाज चढवू नये. आम्हाला रात्रीमागे २५ रिंगिट जास्त देऊन तिसऱ्या मजल्यावरची, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली मिळाली. खालच्या खानावळीत मध्यरात्रीपर्यंत भांडी वाजत, पण समुद्राच्या गाजेवर झोपणाऱ्या माणसाला त्याचे काही वाटत नाही.

दुसरी खोली नसेलच, तर फोटो काढून, खोली ज्या संकेतस्थळावरून घेतली त्यावर त्याच तासात लेखी तक्रार करावी आणि राहिलेल्या रात्रींचे रद्दीकरण शुल्क माफ करण्याची विनंती करावी. पैसे संकेतस्थळाने घेतलेले असतील तर ते परतही त्याच्याच मार्फत येतात; मालकाने मात्र संमती द्यावी लागते, आणि ओरडणाऱ्यापेक्षा पुरावा पाठवणाऱ्याला ती लवकर मिळते, हा माझा स्वतः संमती देण्याचा अनुभव आहे. कार्डाने पैसे भरले असल्यास बँकेकडे हरकत नोंदवता येते आणि तेथेही हाच पत्रव्यवहार उपयोगी पडतो.

काउंटरवर वेगळे मागितलेले खोलीमागे दर रात्रीचे १० रिंगिट ही लूट नव्हे. तो २०१७ पासून परदेशी पाहुण्यांना लागू असलेला पर्यटन कर आहे. मात्र चारही रात्रींचा कर आधीच भरून आपण दोन रात्रींतच बाहेर पडणार असाल, तर उरलेले २० रिंगिट पावती दाखवून मागून घ्यावेत.