शेजारच्या गटाचा निकाल तुमच्या रस्त्याला लागू होतो का?

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. मोहोळकडच्या तुमच्या शेताचा वहिवाटीचा रस्ता ज्याने नांगरला, त्याच्याचविरुद्ध पलीकडच्या गटवाल्याने दिवाणी कोर्टात दावा जिंकलाय, आणि "तोच निकाल तुम्हालाही लागू, थांबा थोडं" असं तुम्हाला कार्यालयात सांगितलंय. हुबेहूब हेच मला एका सरकारी कार्यालयात सांगितलं होतं.

लागू होत नाही. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर असो, वरिष्ठ स्तर असो की जिल्हा न्यायाधीश, कुणाचाही असो, तो निकाल त्या दाव्यातल्या पक्षकारांना आणि त्यांच्या वारसांना, खरेदीदारांना बांधतो. दुसऱ्या कोर्टाला नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा घटनेच्या कलम १४१ ने सगळ्या कोर्टांना बांधतो. मुंबई हायकोर्टाचा आपल्या सोलापूरच्या कोर्टांना बांधतो, मग निकाल त्याच्या नागपूर खंडपीठाचा असो की १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचचा.

खरा घात मुदतीत आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली रस्ता मोकळा करून घ्यायचा तर अडवल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदारांकडे दावा लागतो. मला "शेजाऱ्याचं अपील सुटू द्या" म्हणत थांबवलं आणि सहा महिने उलटल्यावर त्याच कार्यालयाने अर्ज मुदतबाह्य म्हणून परत केला. थांबा म्हटल्याचा कागद कुठेच नाही. ऊस तोडणीला आलेला, ट्रॉली फडापर्यंत जाईना. टोळीने मोळ्या डोक्यावरून डांबरीपर्यंत वाहिल्या, त्याची मजुरी वेगळी मोजली. आजही ते आठवलं की डोकं तापतं. म्हणून सांगतो, तोंडी सल्ल्यावर एक दिवस थांबू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

मी वकील नाही, कागद तुमच्या वकिलांना दाखवाच. पण तो निकाल अगदीच वाया जात नाही. रस्ता सार्वजनिक असेल तर त्याच जमिनीवरच्या रस्त्याचा आधीचा निकाल पुरावा म्हणून चालतो, निर्णायक मात्र ठरत नाही. जुन्या साक्ष्य कायद्याच्या कलम ४२ मध्ये नेमकं रस्त्याचंच उदाहरण दिलंय. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ३६ आहे. खासगी वहिवाट असेल तर हे कलम उपयोगी नाही.

माझ्या मते निकालापेक्षा त्या दाव्यातली प्रतिवादीची कैफियत, म्हणजे त्याने कोर्टात दिलेलं लेखी उत्तर, जास्त कामाची. तिथे त्याने "रस्ता आहे, पण फक्त पायवाट आहे" असं काही लिहिलं असेल, तर ती त्याची कबुली तुम्ही त्याच्याविरुद्ध वापरू शकता. म्हणून नुसत्या निकालाची नक्कल मागू नका. कैफियत, उलटतपास आणि जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमला असेल तर त्याचा नकाशा, सगळ्यांच्या सहीशिक्क्याच्या नकला एकाच अर्जात मागा. नकाशावर तुमचा गट नंबर आणि बांध दिसतो का, ते आधी बघा.