रात्री दोनला आभाळ बघणारे काका

चिंता वाटते म्हणजे आपला विश्वास कमी पडतोय का? माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी ख्रिस्ती माणसं हे आडून आडून विचारतात. जालन्याकडच्या एका काकांनी मात्र खुर्चीत बसता बसताच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

सप्टेंबर सरत आला होता. काकांचं चार एकर सोयाबीन. दोन एकर काढून गंजी लावलेली, दोन उभं. आदल्या वर्षी परतीच्या पावसात शेंगांना शेतातच कोंब फुटलेले त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून रात्री दोनला जाग यायची. मोबाईलवर तीन-तीन ॲपवर हवामान बघायचं, तिन्ही वेगवेगळं सांगायची, मग गच्चीवर जाऊन आभाळ बघायचं. छातीत धडधड होते म्हणाले, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. तपासण्या ठीक निघाल्या.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं.

"मॅडम, आमची चौथी पिढी विश्वासात आहे. मी चर्चच्या कमिटीत. दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगतो, कशाचीही चिंता करू नका, बायबलातलं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय चार, वचन सहा. अन् मीच रात्रभर जागा. प्रार्थना सभेत एक जण म्हणाला बी, तुमची प्रार्थना कमी पडायली."

या वाक्याचा मला राग येतो. पावसाचं ओझं होतंच, त्यावर अपराधाचं आणखी एक ठेवून दिलं. आणि दुसरंच जास्त जड होतं. पहिलं निदान बायकोला तरी सांगता येत होतं.

मीही त्याच विश्वासातली, म्हणून म्हटलं, "काका, बायबल आणलंय ना? करिंथकरांस दुसरं पत्र काढा. अकरा अठ्ठावीस."

त्यांनी मोठ्यानं वाचलं. फटके, दगडमार, जहाजफुटी हे सगळं मोजून झाल्यावर पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की याशिवाय रोज मला सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, चिंता असतेच. काका थांबले, परत वाचलं. ज्यानं तुरुंगातून 'चिंता करू नका' लिहिलं, तोच हा माणूस. मूळ ग्रीकमध्येही इथली चिंता आणि तिथली चिंता एकाच धातूतली आहे.

"आणि चार सहा अर्ध्यावर सोडू नका," मी म्हटलं. "पुढं आपली मागणी देवाला कळवा, असंही आहे. तुम्ही काय कळवता?"

"तुझी इच्छा होवो म्हणतो."

"पाऊस नको, असं म्हणता?"

ते ओशाळले. तसं मागणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटायचं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं आधी 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' असं मागितलं, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे त्यानंतर. काकांनी पहिली पायरी गाळली होती.

मग कामाचं ठरवलं. चिंता उडवून लावायची नाही, तिला वेळ द्यायची: संध्याकाळी सात ते सव्वासात, वही घेऊन. समुपदेशनातली ही जुनी पद्धत. काकांना मी एवढंच सांगितलं की वहीत फक्त आजचं लिहा. ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं तुम्हीच शिकवता. हातातलं एका पानावर, हाताबाहेरचं समोरच्या. हातातल्या पानावर आलं: गंजीखाली पाट्या टाकणे, फाटकी ताडपत्री बदलणे, हार्वेस्टरवाल्याला फोन, उभ्या पिकाचं नुकसान दिसलं तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे 72 तासांत पीकविम्याला कळवणे. समोरच्या पानावर एकच शब्द होता, पाऊस. ते पान प्रार्थनेत मोठ्यानं वाचायचं. रात्री जाग आली तर वही उघडायची नाही, 'उद्या सातला' म्हणायचं.

पहिला आठवडा जमलं नाही. वही रात्रीच उघडायचे. ॲप काढून टाका म्हटलं तर चिडले, "शेतकऱ्याला हवामान बघू नको म्हणता?" बरोबर होतं त्यांचं. मग सकाळी एकदा, रात्री एकदा, असं ठरलं.

पाऊस आलाच. उभ्या दोन एकरांतलं बरंचसं गेलं, विम्याला त्यांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं. गंजी वाचली. त्यानंतर चारेक दिवसांनी फोन आला.

"मॅडम, काल दोनला जाग आली. ताडपत्रीचे दगड बघून आलो अन् झोपलो."

"ॲप?"

"एकदाच उघडलं," म्हणाले.