नाक कशाचं, ते ओळखता आलं पाहिजे

वाचकांचे प्रश्न, मास्तरांची उत्तरं

चवथ आटोपली, गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरली आणि पत्रं सुरू झाली. निम्मी गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याबद्दल, उरलेली शाळेच्या प्रकल्पांबद्दल. पाच निवडली आहेत.

माझी मुलगी पाचवीत आहे. शाळेतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रकल्प आलाय. मडगावहून आइस्क्रीमच्या काड्या, चकचकीत कागद आणि गोंद आणला, साडेतीनशे रुपये झाले. पेनस्टँड केला, पण तो मुलीलाच आवडला नाही. काय चुकलं? – एक आई, कुडचडे

ताई, साडेतीनशे रुपयांचं टाकाऊ! आइस्क्रीम कुणी खाल्लंच नाही, तर काड्या टाकाऊ कशा झाल्या? मुलीची नजर चांगली आहे, तिचं ऐका.

दोष तुमचा नाही. मीही शाळेत 28 वर्षं हेच करून घेतलं. बाटलीला सोनेरी रंग फासायचा, वर टिकल्या चिकटवायच्या, झाली फुलदाणी. खाली बाटली आहे हे कुणाला कळू नये, एवढीच त्यातली कला. आता वाटतं, लपवायचं कशाला? बाटली बाटलीच दिसायला हवी आणि तरी ती पेंग्विन वाटायला हवी. एकाच वेळी दोन्ही दिसलं की पोर हसतं.

एक दुपार मुलीला स्वयंपाकघर मोकळं करून द्या. अट अशी की कापायचं नाही, रंगवायचं नाही, चिकटवायचं नाही, फक्त वस्तू एकमेकींशेजारी ठेवायच्या. आडवी किसणी मगर होते. आमच्या घरची आदोळी, घाटावर जिला विळी म्हणतात ती, मला पन्नास वर्षं आदोळीच दिसत होती. नातवाने तिला दोन करवंट्यांवर टेकवलं आणि म्हणाला, “आबा, कोंबडा!” बघतो तर खरंच, ताणलेली मान आणि टोकाला खोबरं खवायचा दातेरी तुरा. बायकोने त्या दिवशी नारळ उशिरा खवला.

शाळेत काहीतरी द्यावं तर लागणारच. त्यासाठी सायकलवाल्याकडून वीतभर वॉल्व्ह ट्यूब आणा. तिचे दीड-दीड सेंटीमीटरचे तुकडे करा, काडेपेटीतल्या काड्यांचं गूल खरवडून काढा आणि दोन काड्यांची टोकं एका तुकड्यात दोन्हीकडून सरकवा. झाला सांधा. ही युक्ती अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर 1978 साली होशंगाबादला खेड्यातल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात गेला आणि पुढे जन्मभर कचऱ्यातून खेळणी करत राहिला. मुलीला एक चौकोन करू द्या, एक त्रिकोण. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. मग तिला घराच्या कौलांखाली बघायला सांगा. छपराला आधार देणाऱ्या कैच्या त्रिकोणी का, हे तीच तुम्हाला सांगेल. खर्च वीस रुपयांच्या आत.

आमच्या वाड्यावरचा नरकासुर 14 फुटांचा असतो. यंदा थर्मोकोल वापरायचा नाही असं पोरांनी ठरवलंय. पण मग चेहरा कशाचा करायचा? – मांद्रेचा एक कार्यकर्ता

शाबास! थर्मोकोलशी माझं जुनं वैर आहे. शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या सणाच्या, चित्ररथासाठी एकदा सरस्वतीचा हंस कोरला, चार रात्री जागून. सकाळी उत्साहात थिनर घातलेला रंग मारला. अर्ध्या तासात हंसाची मान मेणबत्तीसारखी खाली आली, कारण थिनरमध्ये थर्मोकोल विरघळतो. मिरवणुकीत सरस्वती बदकावर बसली. थर्मोकोल पेटवला तर त्याचा काळा धूर होतो आणि तो पहाटे तुमच्याच पोरांच्या नाकात जातो.

सांगाडा नेहमीसारखाच बांबूचा आणि पेंढ्याचा. चेहऱ्यासाठी मातीचा साचा करत बसू नका, ऑक्टोबरात तो वाळत नाही. मोठी जुनी टोपली पालथी घाला, तीच कवटी. तिच्यावर कागद चढवायचा तो फाडून, कात्रीने कापून नाही. फाटलेल्या कडेचे तंतू बाहेर आलेले असतात, ते एकमेकांत मिसळून सपाट बसतात. कापलेल्या कडेची पायरी रंगानंतरही दिसते. एक थर वर्तमानपत्राचा, त्यावर एक खाकी कागदाचा, पुन्हा वर्तमानपत्राचा. रंग वेगळे असले की कुठे थर राहून गेला ते रात्रीच्या उजेडातही कळतं. खळ मैद्याची. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, मगच उकळत्या पाण्यात ओतायचा, नाहीतर गुठळ्या निस्तरत बसाल. चार थर झाले की थांबा आणि रात्रभर पंखा लावा. घाईने आठ थर दिलेत तर आतून बुरशी येते. मोरचूद घालायचा सल्ला कुणी देईल, पण जाळायच्या वस्तूत विष कशाला?

आता खरी मजा. लगद्याचं नाक घडवू नका, नाक शोधा. माडाचा फुलोरा ज्यातून बाहेर पडतो ते सुकलेलं होडीसारखं आवरण परसात पडलेलं असतं. ते पालथं लावा, असं नाक कुठल्याच साच्यातून निघणार नाही. कानांना तुटकी सुपं. मिशीला झिजलेली केरसुणी मधोमध बांधून दोन्हीकडे फाकवा. दात पोफळीच्या विरीचे, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाचे. तिच्यावर बसून आपण अंगणभर फरफटत जायचो ना, तीच. ओली असताना कापली तर हवा तसा बाक देता येतो. रंग चुना, काव आणि काजळी, बस्स.

जबडा हलवायचा असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी बिजागरीसारखी लावा आणि मागून दोरी ओढा. चित्ररथावरचे राक्षस मी वायपरच्या मोटरवर हलवले आहेत, पण दोरी ओढणारा पोरगा गर्दी बघून जबडा उघडतो, मोटरला गर्दी दिसत नाही. पेटवण्याआधी ट्यूब तेवढी काढून घ्या.

बघायला आलेल्यांनी “नाक कशाचं रे?” असं विचारलं की तुमचा नरकासुर जमला म्हणायचा. बक्षीस मिळेल की नाही ते परीक्षकांवर आहे, आणि परीक्षकांना अजून चमचमाट आवडतो.

सगळ्यात चांगला गोंद कोणता? – एक विद्यार्थी, वाळपई

कागदाला खळ, लाकडाला फेविकॉल, बाकी सगळ्याला दोरी. ग्लू गनची चिकटवलेली वस्तू टेबलावरून शाळेपर्यंतही धड पोचत नाही. भोक पाडायला आणि गाठ मारायला शीक.

करवंट्यांच्या वाट्या करायचं मनात आहे. गुळगुळीत कशा करायच्या? रंग कोणता द्यावा? – एक आजी, बोरी

आजी, रंग देऊ नका. रात्रभर पाण्यात भिजवा, मग बाहेरचा काथ्या फुटक्या काचेच्या कडेने खरवडा. हाताला जाड फडकं गुंडाळून हं. नंतर पॉलिशपेपर, आधी 80 नंबर, मग 150, मग 220. शेवटी खोबरेल चोळून दोन दिवस ठेवून द्या. काळीभोर चमक येते.

पण सगळ्यांच्या वाट्या करू नका. तीन डोळे असलेली अर्धी बाजू ठेवा. ओल्ड गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने लिहून ठेवलंय की आमच्या लोकांना, म्हणजे पोर्तुगिजांना, त्या तीन भोकांत माकडाचं तोंड दिसलं, म्हणून आम्ही या फळाला ‘कोको’ म्हणालो. हे 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. म्हणजे जग ज्याला आज ‘कोकोनट’ म्हणतं, ते नाव करवंटीत चेहरा बघण्याच्या पोरखेळातून आलंय. तुम्ही फक्त केस लावा. काथ्या आहेच.

मुलगा कला महाविद्यालयात आहे. दर रविवारी किनाऱ्यावर वाहून आलेल्या चपला पोत्यात भरून आणतो. दोनशेवर झाल्या असतील. घरात वास येतो. विचारलं तर म्हणतो, ही कला आहे. आहे का? – एक वडील, पर्वरी

बाबा, वासाची तक्रार रास्त आहे. कलेचं जरा थांबून बोलू.

1942 साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना पिकासोने सायकलची सीट आणि हँडल एकत्र जोडलं. सीटचं तोंड झालं, हँडलची शिंगं. बैल! दोनच वस्तू, पण दोन्ही आहेत तशाच दिसतात. पुढे त्याचे ब्राँझमध्ये साचे काढले. मला ती चूक वाटते. एकाच धातूचं झालं की सीट वेगळी आणि हँडल वेगळं कळत नाही.

आणि चंदीगडचे नेकचंद. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक. 1957पासून ते कामाच्या वेळेनंतर फुटक्या बांगड्या, कपबशा, मोडकी संडासाची भांडी जंगलातल्या सरकारी जागेत नेऊन गुपचूप माणसं आणि प्राणी घडवत होते. साहेबांना पत्ता लागेपर्यंत एकरांवर एकर भरलेले होते. पाडायची वेळ आली होती, पण 1976 साली ते लोकांसाठी खुलं झालं, तेच रॉक गार्डन. त्यांच्या घरच्यांनीही काही म्हटलंच असेल.

लांब कशाला जा? परवा तुम्ही गणपतीवर माटोळी बांधलीत. कांगला, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगं, चिबूड, सुपारीचं शिपटं. रानातली फळं रंग न देता टांगता, आणि पाहुणा मान वर करून एकेकाचं नाव विचारतो. स्पर्धेत तर लोक त्याच फळाबियांतून आख्खे देव उभे करतात. तिथे कुणी विचारत नाही ही कला आहे का म्हणून.

तर मुलाला दोन गोष्टी सांगा. पहिली, चपला आधी गोड्या पाण्यात धुवून उन्हात वाळवायच्या, वास मिठातल्या शेवाळाचा आहे. दुसरी, मासळीचे दोन क्रेट द्या आणि त्यात मावतील तेवढ्याच चपला ठेवायच्या म्हणा. तिसरा क्रेट हवा असेल तर आधी काहीतरी करून दाखव. दोनशे चपला हा नुसता साठा आहे. चपलेच्या तळव्याला खवले दिसतात, पट्टा कल्ल्यासारखा उघडतो, असं त्याच्या लक्षात येईल त्या दिवशी मासा होईल. न आल्यास भंगारवाला आहेच.

आणि एक खासगी काम. त्या ढिगात डाव्या पायाची निळी, नऊ नंबरची सापडली तर बाजूला ठेवायला सांगा. माझी मोरजीला गेलीय.