स्क्रीन त्यांचा, माउस तुमच्या हातात

प्रश्न : संगणक अडला की नातेवाईक मला फोन करतात. ‘डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?’ असं विचारण्यातच अर्धा तास जातो. त्यांचा स्क्रीन मला दिसावा, माउसही चालवता यावा, यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? बहुतेकांकडे विंडोज आहे, एका काकूंकडे मॅक.

उत्तर : कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये सोयी जास्त, हे आधी पाहू नका. आधीच बिचकलेल्या माणसाला फोनवरून सांगून ते सुरू करता येतं का, ते पाहा. या कसोटीवर विंडोज १० आणि ११ साठी क्विक असिस्ट पहिलं. बहुतेक संगणकांवर ते असतंच. नसलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मोफत मिळतं. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही बटणं एकत्र दाबली की उघडतं. मायक्रोसॉफ्ट खातं फक्त तुम्हाला लागतं, त्यांना नाही. तुम्ही मदत करण्याचा पर्याय निवडून साइन इन केलंत की कोड मिळतो. तो १० मिनिटंच चालतो, म्हणून त्यांच्याकडे खिडकी उघडल्यावरच कोड काढा, नाहीतर चष्मा शोधेपर्यंत मुदत संपते. ते कोड टाकून परवानगी देतात, आणि तुम्हाला स्क्रीन दिसू लागतो. दिसतो एवढंच, माउस चालवायचा तर ताबा वेगळा मागावा लागतो आणि त्यांना पुन्हा ‘अलाऊ’ म्हणावं लागतं.

खरी अडचण पुढे येते. एखादा प्रोग्रॅम टाकायला गेलात की विंडोज ‘बदल करू द्यायचे का?’ असं विचारतं. ही चौकट सुरक्षित पडद्यावर उमटते, त्यामुळे तुमच्याकडे चित्र थांबतं किंवा काळं होतं. लोकांना वाटतं, जोडणी तुटली. मग दोघंही सगळं बंद करून नव्याने सुरुवात करतात. तसं करू नका. ‘तुमच्याकडे एक चौकट आली असेल, त्यात येस दाबा’ असं फोनवर सांगा, चित्र परत येतं. येसऐवजी पासवर्ड मागितला, तर त्यांचं खातं ॲडमिनचं, म्हणजे संगणकात बदल करण्याचे पूर्ण अधिकार असलेलं, नाही. तो पासवर्ड कुणाकडे आहे, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं. ॲनीडेस्क हे याच कामाचं दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर. ते इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं तरी याच जागी अडतं. तिथे तुमच्याकडच्या मेनूतून वाढीव अधिकार मागायचे आणि त्यांनी एकदा मान्यता द्यायची. मात्र फाइल कायम कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवायला सांगा. शोधनिकालात सगळ्यात वर जाहिरात असते आणि घाईत तीच दाबली जाते.

टीमव्ह्यूअर हे असंच आणखी एक सॉफ्टवेअर उत्तम चालतं, पण मोफत आवृत्ती घरगुती वापरापुरतीच आहे. वेगवेगळ्या संगणकांवर वारंवार गेलात की त्याला धंद्याचा संशय येतो आणि सत्रं आखडली जातात. तुमच्यासारख्या ‘सगळ्या खानदानाच्या तंत्रज्ञा’ला हे हमखास घडतं.

काकूंच्या मॅकवर क्विक असिस्टने जाता येणार नाही. तिथे क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा ॲनीडेस्क वापरा. क्रोमचा एकदाच चालणारा कोड १२ अंकी असतो आणि ५ मिनिटांत संपतो, म्हणून तीन-तीन अंकांनी वाचून घ्या. मॅकच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त दोन परवानग्या त्यांनी स्वतः द्यायच्या असतात : स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी. पहिली राहिली तर तुम्हाला नुसता वॉलपेपर दिसतो, एकही खिडकी नाही. दुसरी राहिली तर सगळं दिसतं, पण क्लिक होत नाही. परवानगी दिल्यावर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं लागतं, आणि हेच नेमकं राहून जातं.

प्रश्न : विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप आधीपासून आहेच. मग हा खटाटोप कशाला?

उत्तर : ते स्वतःच्या संगणकावर दुरून काम करण्यासाठी आहे. तुम्ही आत शिरलात की त्यांचा स्क्रीन लॉक होतो, मग ते दाखवणार काय? शिवाय विंडोज होम आवृत्तीत बाहेरून येणारी जोडणी घेताच येत नाही. त्यासाठी राउटरवर ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचं दार, उघडा ठेवण्याचा सल्ला कुणी दिला, तर मुळीच ऐकू नका. पासवर्ड फोडू पाहणारे प्रोग्रॅम असे पोर्ट सतत धुंडाळत असतात.

प्रश्न : आईच्या संगणकावर दुरून आत शिरण्यासाठी कायमचा पासवर्ड ठेवला, तर तिला दर वेळी कोड सांगावा लागणार नाही. ठेवावा का?

उत्तर : तिची संमती असेल आणि तिला खरंच कोड वाचता येत नसेल, तरच. पासवर्ड लांब आणि फक्त याच कामाचा ठेवा, त्या सॉफ्टवेअरच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा. २०२४ च्या फेब्रुवारीत ॲनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं आणि नव्या प्रमाणपत्राची (फाइल खरोखर कंपनीचीच आहे, हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीची) आवृत्ती घ्यायला सांगितलं. जुनी फाइल पेनड्राइव्हवर असेल तर टाकून द्या. इतर सगळ्यांकडे काम झालं की सॉफ्टवेअर काढून टाका. भामटेही हीच साधनं वापरतात, म्हणून आईला एक नियम घालून द्या : फोन तिने तुम्हाला केला असेल तरच कोड द्यायचा. समोरून फोन करून कुणी कोड मागितला, तर तो बँकेचा असो वा कंपनीचा, सरळ फोन ठेवायचा.