इंग्रजी टेन्स खेळातून शिकवताना काय जमतं आणि काय फसतं

तुमचा प्रश्न असा: पारोळा तालुक्यातली जिल्हा परिषद शाळा, सहावी-सातवीची मिळून 42 मुलं, तासिका 35 मिनिटांची. टेन्सचा तक्ता सगळ्यांना पाठ, पण बोलायला उभं केलं की ‘आय गो यस्टरडे’. खेळही घेऊन पाहिले. मुलं रमली, इंग्रजी मात्र होतं तिथंच राहिलं.

सर, खेळ निवडताना मी एकच गोष्ट आधी तपासतो: तो टेन्स न वापरता मूल जिंकू शकतं का? जिंकू शकत असेल तर ते वापरणार नाही. मूकाभिनय ओळखण्याच्या खेळात मुलं ‘ईटिंग! ईटिंग!’ ओरडतात आणि गुण मिळवतात. ‘शी इज’ म्हणायची गरजच पडत नाही. म्हणून गुण पूर्ण वाक्याला, आणि तोही गटातल्या दुसऱ्या मुलाने ते वाक्य परत म्हटल्यावर. नाहीतर प्रत्येक गटातला एकच हुशार बोलतो, बाकीचे टाळ्या वाजवतात.

बारा खणांचा तक्ता आधी भिंतीवरून काढा. या वयाला रोजचं, आत्ता चाललेलं, काल झालेलं आणि पुढे करायचं एवढं पक्कं झालं तरी खूप. ‘हॅव’चं रूप त्यानंतर.

रोजचं आणि आत्ताचं शिकवायला तुमच्याकडे अहिराणी आहे, तिचा उपयोग करा. ‘तो रोज वावरमा जास’ आणि ‘तो आते वावरमा जाई राहिना’ (गावागणिक उच्चार थोडा बदलेल) यांतला फरक मुलांना शिकवावा लागत नाही. ‘राहिना’ आलं की ‘इज’ आणि ‘इंग’ दोन्ही हवेत, हा दुवा चटकन बसतो. मग मूकाभिनयाच्या चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहा: माणूस आणि क्रिया. शेतकरी, चहा पितोय. केळीचा व्यापारी, फोनवर बोलतोय. गटाने दोन वाक्यं जुळवायची: ‘ही सेल्स बनानाज. नाऊ ही इज टॉकिंग ऑन द फोन.’ धंदा रोजचा, क्रिया आत्ताची. दोन्ही वाक्यं बरोबर असतील तरच गुण. 20 चिठ्ठ्या दोन तासिकांना पुरतात. ‘नो’ (माहीत असणं), ‘लाइक’, ‘वॉन्ट’ आणि मालकीचा ‘हॅव’ या चिठ्ठ्यांत घालू नका, नाहीतर ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ तुम्हीच शिकवाल.

आता ‘डिड यू वेंट?’ ही चूक. सगळ्यात चिवट हीच, म्हणून तिला एक पूर्ण तास द्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तीन बोटं उंचीच्या अक्षरांत कार्डं करा: ‘शी’, ‘वेंट’, ‘टू द मार्केट’, ‘डिड’ आणि प्रश्नचिन्ह. ‘वेंट’च्या मागे ‘गो’ लिहा. एक गांधी टोपी आणा. तीन मुलं कार्डं धरून ओळीत उभी राहतात, टोपी ‘वेंट’च्या डोक्यावर. नियम एकच: एका वाक्यात टोपी एकच, आणि जो भूतकाळ दाखवतो त्याच्याच डोक्यावर. प्रश्न करायचा म्हटलं की ‘डिड’ धावत येऊन ओळीच्या सुरुवातीला उभा राहतो आणि टोपी काढून घेतो. टोपी गेली की ‘वेंट’ला कार्ड उलटावं लागतं, ‘गो’ व्हावं लागतं. प्रश्नचिन्ह शेवटी. मग पुढचा गट, नवीन क्रियापद. नंतर कोणी ‘डिड यू वेंट’ म्हणालं तर बोलू नका, फक्त डोक्याकडे बोट दाखवा. मूल स्वतःच दुरुस्त करतं. हीच टोपी ‘शी गोज’ आणि ‘डझ शी गो’ला चालते. ‘वॉज’ मात्र टोपी घालूनच पुढे सरकतो, त्याला ‘डिड’ लागत नाही. हे त्याच तासाला नको, दुसऱ्या दिवशी.

मुलांना एक चांगली बातमीही द्या. मराठीत ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले’ असं क्रियापद बदलत राहतं. इंग्रजीत सगळ्यांना ‘एट’. ‘वॉज-वेअर’ सोडलं तर भूतकाळात कर्ता कोण, कर्म काय, याची फिकीर नाही.

रूप बसलं की चोर-पोलीस. काल संध्याकाळी 6 ते 7 मध्ये शाळेची घंटा चोरीला गेली. दोन संशयित म्हणतात, आम्ही तेव्हा एकत्र होतो. त्यांना 8 मिनिटं बाहेर पाठवा, गोष्ट ठरवू द्या. तेवढ्यात आत सात गटांनी प्रत्येकी 5 प्रश्न लिहायचे. लिहून घेणं सोडू नका; तुम्ही फिरून ‘डिड’ तपासता ते इथेच. मग एकेकाला आत बोलवा, प्रत्येकी 5 मिनिटं: ‘व्हेअर डिड यू गो?’, ‘व्हॉट वेअर यू ईटिंग?’, ‘हू वॉज सिटिंग नेक्स्ट टू यू?’ उत्तरांत तीन फरक सापडले की चोर पकडला. दुसऱ्याची चौकशी होईपर्यंत पहिला आतच बसतो, पण गप्प. पळवाट एकच असते, ‘आय डोन्ट रिमेंबर’. ती प्रत्येकाला एकदाच. हो-नाहीचे प्रश्न दोनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर पूर्ण चौकशी ‘येस, नो’वर आटोपते.

‘हॅज ओपन्ड’ आणि ‘ओपन्ड’ यांतला फरक व्याख्येने कळत नाही. मराठी मुलाला ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ फारसं खटकत नाही, म्हणून ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ येतं. यासाठी वर्ग बदलण्याचा खेळ घ्या. एक मूल बाहेर जातं, वर्ग पाच गोष्टी बदलतो: खिडकी उघडतो, फळा पुसतो, दोघं जागा बदलतात. मूल परत येऊन सांगतं: ‘समबडी हॅज ओपन्ड द विंडो.’ परिणाम डोळ्यांसमोर आहे, कधी झालं हे त्याला माहीत नाही, म्हणून ‘हॅज’. मग वर्ग विचारतो ‘व्हेन?’ आणि ज्याने केलं तो उत्तर देतो: ‘आय ओपन्ड इट टू मिनिट्स अगो.’ वेळ सांगितली की ‘हॅज’ गळतो. हीच वाक्यांची जोडी पाच वेळा होऊ द्या.

नियमित क्रियापदांत मुलं ‘स्टॉपेड’, ‘वॉचेड’ म्हणतात. वर्गाचे तीन कोपरे ठरवा: ट, ड, इड. तुम्ही मूळ क्रियापद म्हणा, मुलांनी कोपऱ्याकडे बोट दाखवायचं. शेवटचा आवाज ट किंवा ड असेल तर इड: ‘वॉन्टिड’. उरलेल्यांत घशावर बोट ठेवून तो आवाज काढायचा. कंप लागला तर ड, ‘प्लेड’. नाही लागला तर ट, ‘स्टॉप्ट’. दहा मिनिटांचं काम आहे.

अनियमित क्रियापदं एका वेळी आठच, आवाजाच्या घराण्याने: ‘सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक’ एकत्र, ‘बॉट, ब्रॉट, थॉट, टॉट, कॉट’ एकत्र. एबीसीडीच्या क्रमाने पाठ करून घेतलेली लवकर उडतात.

पुढच्या काळासाठी दोन वेगळे प्रसंग लागतात. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुट्टीचा आधीच ठरलेला बेत असेल तर ‘गोइंग टू’. तुम्ही ‘इट इज व्हेरी हॉट’ म्हणालात आणि कोणी तिथल्या तिथे ‘आय विल ओपन द विंडो’ म्हणून उठलं तर ‘विल’. ‘मी उद्या येतो’वरून ‘आय कम टुमारो’ येणार, ते धरून चाला.

वेळ अशी वाटा: 5 मिनिटं अर्थ, 5 मिनिटं नमुना वाक्यं सगळ्यांकडून, 15 मिनिटं खेळ, उरलेली 10 वहीसाठी. चोर-पोलीसला मात्र तासिका पूर्ण जाते, त्या दिवशी वही घरी. खेळ चालू असताना मुलांना थांबवून दुरुस्त करू नका. ऐकलेली पाच-सहा चुकीची वाक्यं चिठ्ठीवर टिपा, शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहा आणि गटांना दुरुस्त करू द्या. त्या चिठ्ठ्या जपून ठेवा. पुढच्या आठवड्यात कोणता खेळ घ्यायचा, ते त्यांवरूनच ठरवा.