बंद पडलेल्या हार्ड डिस्कला त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड लावला तर डेटा मिळेल का?

नुसता बोर्ड बदलून सहसा नाही मिळणार. जुन्या बोर्डावरची रॉम चिप काढून नव्यावर बसवावी लागते. ८ पायांच्या त्या बारक्या चिपमध्ये कारखान्यात त्याच डिस्कच्या हेडसाठी (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) जुळवलेली मापं असतात, दुसऱ्या डिस्कची चालत नाहीत. बोर्ड घेताना त्यावर छापलेला पीसीबी (म्हणजे बोर्डाचा) नंबर जुळवा. चिप हॉट एअरने (गरम हवेने सोल्डर वितळवून) निघते. हात बसलेला नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. चुकीचा अडॅप्टर लावून डिस्क मेली असेल तर आधी पॉवर कनेक्टरजवळचा टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेजपासून वाचवणारा भाग) मल्टिमीटरने तपासा. तो शॉर्ट असेल तर नुसता काढूनही कधीकधी डिस्क चालू होते (मग लगेच कॉपी करा, संरक्षण गेलेलं असतं). मात्र डिस्क टकटक वाजत असेल तर बिघाड बहुधा हेडचा; तेव्हा बोर्डाच्या नादी लागू नका आणि डिस्क परत चालू करू नका.