‘निष्पाप नागरिक’ म्हणावं का?

गडचिरोलीकडच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न: बातम्यांत ‘निष्पाप नागरिक ठार’ असं येतं. मग सैनिक देशाचे नागरिक नसतात का?

ताई, सैनिकही नागरिकच. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी चालतो: देशाचं नागरिकत्व असलेला आणि लष्करात नसलेला. युद्धाच्या कायद्याला दुसरा अर्थ लागतो. त्यात निर्वासित आणि परदेशी मजूरही येतात. यासाठी ‘मुलकी’ हा रुळलेला शब्द आपल्याकडे होताच. मुलकी आणि लष्करी अशी जोडीच असे. तसाच आणखी एक जुना शब्द ‘रयत’. शिवाजी महाराजांचं १६७३-७४ च्या सुमाराचं, चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र बघा: कुणब्याचे दाणे, भाकर, गवत, भाजी उचलाल तर खबरदार, अशी आपल्याच फौजेला ताकीद आहे.

मला जास्त खटकतो तो ‘निष्पाप’. युद्धात माणसांना कसं वागवायचं ते ठरवणाऱ्या १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत तिसरं कलम एकच आहे. ‘लढाईत प्रत्यक्ष भाग न घेणाऱ्या’ माणसांना ते संरक्षण देतं. शस्त्र टाकलेला, जखमी सैनिकही त्यात आला. पाप-पुण्याचा तिथे प्रश्नच नाही. भारतानं हे करार स्वीकारले आहेत. शंका असेल तर माणूस बिगरलष्करीच धरा, असं या करारांना जोडलेला १९७७ चा पहिला पूरक करार (प्रोटोकॉल) सांगतो. त्यात मात्र भारत नाही.

‘निष्पाप’ म्हटलं की बाकीचे पापी ठरतात, आणि ते ठरवतो बंदूकवाला. आपल्या भागात नक्षल्यांनी ‘पोलिसांचा खबऱ्या’ म्हणून गावकरी मारले, प्रेताजवळ पत्रकं टाकली. रात्री धाकापोटी त्यांनाच भात रांधून घालणाऱ्या बाईवर सकाळी पोलिसांचा संशय. सरकार याला युद्ध मानत नाही, पण शब्द घात करतो तो असाच.

आता तर रेषा आणखी पुसट झालीय. युक्रेनमध्ये साधी माणसं येणाऱ्या ड्रोनची खबर मोबाइलवरून देतात. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचं २००९ चं मार्गदर्शन म्हणतं, हल्ल्यासाठी नेमकी जागा कळवणं हा प्रत्यक्ष सहभाग होऊ शकतो, जेवण पुरवणं नाही. आणि संरक्षण जातं तेही सहभाग असेल तेवढ्या वेळापुरतंच.

म्हणून मुलांकडून बातमी लिहून घेताना ‘निष्पाप’ गाळा. ‘बिगरलष्करी’ चालेल. जागा असेल तर सरळ लिहू द्या: एक परिचारिका, दोन मुलं, चार शेतमजूर.